ड्युटी, पदवी आणि परवाना

फौजेत राहून शिकणाऱ्यांच्या जिद्दीचं कौतुक आपण करतो. त्या शिक्षणाला गावाकडे परतल्यावर कितपत किंमत मिळते? माहीम-पालघर-बोईसर या पट्ट्याच्या डोळ्यांनी घेतलेला हा शोध.

२८ मार्च २०२३ रोजी ओडिशात, चिल्का सरोवराच्या काठी असलेल्या भारतीय नौदलाच्या प्रशिक्षण तळावर अग्निवीरांच्या पहिल्या तुकडीचं दीक्षान्त संचलन झालं. असं संचलन सूर्यास्तानंतर होण्याची ती पहिलीच वेळ. सुमारे २,६०० तरुण त्यात चालत होते आणि त्यांत २७३ मुली होत्या. नौदलात खलाशी म्हणून मुली दाखल होण्याचीही ती पहिलीच वेळ होती. टाळ्या वाजल्या, आईवडिलांनी फोटो काढले. पण त्यांच्या सेवेची चार वर्षं त्या संध्याकाळी सुरू झाली नव्हती. २०२२ च्या अखेरीस ते चिल्क्याला पोचले, तेव्हापासूनच ती मोजली जात होती आणि २०२६ च्या अखेरीस ती भरतात.

जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेत वयाची अट साडेसतरा ते एकवीस ठेवली होती. फक्त पहिल्या वर्षापुरती वरची मर्यादा तेवीस केली होती. चार वर्षांनंतर पंचवीस टक्क्यांपर्यंत जवान कायम सेवेत घेतले जातात. बाकीचे साधारण बाविशी ते सत्ताविशीच्या दरम्यान घरी येतात. सेवानिधीचे व्याजासह सुमारे ११ लाख ७१ हजार रुपये हातात असतात. पेन्शन नाही, कॅन्टीन नाही, माजी सैनिकाचा दर्जाही नाही. गावातली बरोबरीची मुलं तोवर पदवी घेऊन नोकरीला लागलेली असतात किंवा निदान नोकरी शोधण्यात मुरलेली असतात.

केळवे-माहीमच्या किनाऱ्यावर बसून या हिशेबाकडे पाहिलं की तो फार जवळचा वाटतो. पानवेलीच्या वाड्या आणि मासेमारी यांवर जगलेल्या या पट्ट्यातल्या घरांना मुलाची सरकारी नोकरी ही पिढी पालटणारी गोष्ट असते. पहाटे किनाऱ्यावरच्या ओल्या वाळूत धावण्याचा सराव करणारी मुलं भरतीसाठी जीव तोडून मेहनत घेतात. धावण्याची वेळ सेकंदावर आणली जाते, छाती आणि उंची मोजली जाते, लेखी परीक्षेची पुस्तकं पाठ होतात. भरतीपर्यंतचा रस्ता सगळ्यांना माहीत असतो. भरतीनंतर काय शिकायचं, कुठे नाव घालायचं, कोणता परवाना काढायचा, याबद्दल मात्र घरात, शाळेत, चौकात कुणी बोलत नाही. हा लेख त्या न बोललेल्या भागासाठी आहे.

सुभेदार रामजींचं उदाहरण

फौज आणि शिक्षण यांचं नातं महाराष्ट्राला नवं नाही. एकोणिसाव्या शतकात, ज्या जातींना गावच्या शाळेत पाऊल टाकू दिलं जात नव्हतं, त्यांच्यातल्या कितीतरी जणांना पहिलं अक्षर पलटणीच्या शाळेत भेटलं. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर सैन्यातून निवृत्त होऊन दापोलीत स्थायिक झाले आणि १८८८ साली त्यांनी 'विटाळ विध्वंसन' ही पुस्तिका लिहिली. अस्पृश्यतेवर शास्त्रार्थाने हल्ला चढवणारी ही लेखणी फौजेतल्या आयुष्यातून बाहेर पडलेल्या माणसाची होती.

त्याच दापोलीशी जोडलेलं दुसरं नाव सुभेदार रामजी सकपाळ यांचं. बाबासाहेब आंबेडकरांचे हे वडील लष्करात नुसते शिपाई राहिले नाहीत. पुण्याच्या लष्करी नॉर्मल स्कूलमध्ये त्यांनी शिक्षक होण्याचं प्रशिक्षण घेतलं आणि पुढे जवळपास चौदा वर्षं लष्करी शाळेचे मुख्याध्यापक म्हणून काम केलं. सेवेत असतानाच शिक्षण घ्यायचं, त्याचं रीतसर प्रमाणपत्र मिळवायचं आणि तोच आपला व्यवसाय करायचा, हे त्यांनी एकोणिसाव्या शतकात करून दाखवलं होतं.

निवृत्तीनंतर त्यांना काय काम मिळालं? साताऱ्यात सार्वजनिक बांधकाम खात्यात भांडारपालाचं, आणि पुढे गोरेगावला रोखपालाचं. चौदा वर्षं शाळा चालवलेला माणूस कोठाराच्या किल्ल्या आणि रोकड सांभाळू लागला. त्यांनी आपलं शिकवण्याचं व्रत घरात चालू ठेवलं आणि त्यातून देशाला काय मिळालं, ते आपण जाणतो. पण लष्करातलं शिक्षण आणि बाहेरचं काम यांच्यात पडलेलं अंतर आजही तसंच आहे. रडार यंत्रणा चालू ठेवणारा, शेकडो माणसांच्या रसदीचा हिशेब बिनचूक ठेवणारा, उणे तापमानात जनरेटर बंद पडू न देणारा माणूस गावी परतला की त्याच्यासमोर पहिलं काम येतं ते कारखान्याच्या गेटवर उभं राहण्याचं. ते काम प्रामाणिकच आहे. पण त्याने वीस वर्षांत जे कमावलं, त्याचा त्यात दहावा हिस्साही लागत नाही.

साहेबांचं शिक्षण, जवानाचं शिक्षण

भारतीय सैन्यदलांना शिक्षणाचं महत्त्व कळत नाही, असं म्हणणं अन्यायाचं होईल. अधिकाऱ्यांच्या बाबतीत त्यांनी शिक्षण सेवेच्या आराखड्यातच बसवलं आहे. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून बाहेर पडणाऱ्या छात्राच्या हातात जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची पदवी असते. वेलिंग्टनच्या डिफेन्स सर्व्हिसेस स्टाफ कॉलेजचा अभ्यासक्रम मद्रास विद्यापीठाच्या एम.एस्सी.ला जोडलेला आहे, तर सिकंदराबादच्या कॉलेज ऑफ डिफेन्स मॅनेजमेंटचा उस्मानिया विद्यापीठाच्या पदव्युत्तर पदवीला. अभियंता अधिकारी एम.टेक.साठी आयआयटीत पाठवले जातात. अभ्यासरजेची तरतूद आहे.

याचं सर्वांत सुंदर मराठी उदाहरण म्हणजे डॉ. माधुरी कानिटकर. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयातून त्या डॉक्टर झाल्या. सेवेत राहूनच बालरोगशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलं. दिल्लीच्या एम्समध्ये लहान मुलांच्या मूत्रपिंडविकारांचं विशेष प्रशिक्षण घेतलं. २०२० साली त्या लेफ्टनंट जनरल झाल्या. भारतीय सैन्यदलांत या दर्जाच्या पदावर पोचलेल्या त्या तिसऱ्या महिला. पुढच्याच वर्षी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं कुलगुरुपद त्यांच्याकडे आलं. त्यांच्या आयुष्यात गणवेश आणि विद्यापीठ एकमेकांच्या वाटेत आले नाहीत, कारण व्यवस्थेने दोन्ही एकाच रस्त्यावर ठेवले होते.

जवानाचं तसं नाही. त्याचं शिक्षण त्याच्या स्वतःच्या हट्टावर उभं असतं. एक भक्कम अपवाद आहे आर्मी कॅडेट कॉलेजचा. ही संस्था १९६० साली पुण्यात सुरू झाली आणि १९७७ मध्ये देहरादूनला गेली. बारावी उत्तीर्ण, किमान दोन वर्षं सेवा झालेला, वीस ते सत्तावीस वयाचा जवान इथल्या प्रवेशाची परीक्षा देऊ शकतो. तीन वर्षांत पदवी आणि मग एक वर्ष भारतीय सैन्य प्रबोधिनीत. शिपाई म्हणून आत गेलेला माणूस खांद्यावर तारे लावून बाहेर येतो. भरतीची तयारी करणाऱ्या आपल्याकडच्या प्रत्येक मुलाला ही वाट भरतीच्या आधीच माहीत असायला हवी, कारण वयाची अट निसटली की ती कायमची निसटते.

पण ही वाट मोजक्यांची. उरलेल्या लाखो जवानांसाठी राहतं ते दूरशिक्षण. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ म्हणजे 'इग्नू' १९८५ चं, आपलं नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ चं. दोघांमध्ये निवड करताना मराठी मुलाची एक खरी अडचण होते. नाशिकच्या मुक्त विद्यापीठाची पुस्तकं त्याच्या भाषेत असतात, पण अभ्यासकेंद्रं आणि परीक्षा महाराष्ट्रात. पोस्टिंग तेजपूरला किंवा अंदमानला असेल, तर परीक्षेसाठी महाराष्ट्रात पोचणं सुट्टीच्या हिशेबात बसत नाही. 'इग्नू'चं केंद्र देशात कुठेही निवडता येतं. स्थलसेना, नौदल आणि आसाम रायफल्स यांच्यासाठी या विद्यापीठाची स्वतंत्र मान्यताप्राप्त प्रादेशिक केंद्रंही आहेत, त्यांतलं एक पुण्यात आणि नौदलाचं एक मुंबईत. तिथे अभ्यास हिंदी किंवा इंग्रजीतून करावा लागतो. म्हणून माझा सरळ सल्ला असा: बदलीची नोकरी असेल तर 'इग्नू', आणि गावी राहून शिकणाऱ्या पत्नीसाठी, बहिणीसाठी, परतलेल्या माजी सैनिकासाठी नाशिकचं मुक्त विद्यापीठ.

बंद झालेली एक वाट

तांत्रिक शाखांतल्या जवानांसाठी एके काळी आणखी एक मोठी वाट होती. कोलकात्याच्या इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स या १९२० सालच्या संस्थेची एएमआयई परीक्षा. वर्गात न बसता, स्वतः अभ्यास करून, टप्प्याटप्प्याने पेपर सोडवत अभियांत्रिकी पदवीच्या तोडीची पात्रता मिळवता येत असे. वायुदलातले टेक्निशियन, ईएमई या लष्कराच्या यंत्रदुरुस्ती शाखेतले कारागीर, नौदलातले आर्टिफिसर बराकीतल्या दिव्याखाली हे पेपर सोडवत. दिवसा ज्या यंत्राचा नट आवळला, रात्री त्याच्यामागचं गणित वाचायचं, असा तो अभ्यास होता.

३१ मे २०१३ नंतर या परीक्षेला नाव नोंदवणाऱ्यांना ती समकक्षता मिळणं थांबलं. पुढे नोव्हेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ओडिशातल्या एका प्रकरणात तांत्रिक शिक्षण दूरस्थ पद्धतीने देण्याला अटकाव केला. शिक्षणाच्या दर्जाची काळजी त्यामागे होती आणि ती रास्त होती. प्रयोगशाळा न पाहिलेला अभियंता कुणालाच नको आहे. पण फौजेतल्या कारागिराचं प्रकरण वेगळं होतं. त्याच्याकडे यंत्रांची कमतरता कधीच नव्हती, कमी होती ती कागदाची. सरसकट बंद झालेल्या दाराबाहेर तोही उभा राहिला. आता नोकरदारांसाठी अभियांत्रिकी महाविद्यालयांत लवचिक वेळेचे वर्ग सुरू झाले आहेत, पण ते महाविद्यालयाच्या आसपास राहणाऱ्या कामगारासाठी. दर दोन-तीन वर्षांनी बिऱ्हाड हलवणाऱ्या जवानाला त्याचा उपयोग नाही.

म्हणून आजच्या जवानाने पदवी आणि व्यावसायिक पात्रता या दोन गोष्टी वेगवेगळ्या धराव्यात. पदवीमुळे स्पर्धा परीक्षेला, एम.ए.ला, एमबीएला बसता येतं. परवान्यामुळे विशिष्ट काम करण्याचा कायदेशीर अधिकार मिळतो. एकाने दुसऱ्याची जागा भरून निघत नाही. पंधरा वर्षं सेवा केलेल्या दहावी उत्तीर्ण माजी सैनिकाला केंद्र सरकार पदवी लागणाऱ्या बिगरतांत्रिक 'क' गटाच्या पदांसाठी पात्र धरतं. अनेक जण या सवलतीवर विसंबून पदवीच टाळतात. अग्निवीराला तीही सोय नाही, कारण त्याची पंधरा वर्षं कधी भरणारच नाहीत. त्याला खरी पदवीच लागेल.

दिवसाला पावणेदोन तास

अग्निवीरांसाठी 'इग्नू'ने केलेली योजना या दृष्टीने फार मोलाची आहे. तीन वर्षांच्या पदवीचे निम्मे श्रेयांक सेवेतल्या कौशल्य-प्रशिक्षणाचे धरायचे आणि उरलेले निम्मे भाषा, अर्थशास्त्र, इतिहास, राज्यशास्त्र, वाणिज्य अशा विषयांतून पूर्ण करायचे. पहिलं वर्ष पुरं केलं तर प्रमाणपत्र, दोन वर्षं केली तर पदविका, तीन केली तर पदवी. दहावीवर भरती झालेल्यांना राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत बारावी पूर्ण करता येते. फौजेत जे शिकलं ते विद्यापीठाच्या वहीत मांडलं जावं, ही गोष्ट इथे पहिल्यांदा ठोस आकड्यांत उतरली.

हा भार किती, ते मोजून पाहू. तीन वर्षांची पदवी साधारण १२० श्रेयांकांची धरली, तर निम्मे ६० श्रेयांक अभ्यासाचे. 'इग्नू' एका श्रेयांकाला ३० तासांचा अभ्यास धरतं. म्हणजे १,८०० तास, वर्षाला ६००, दिवसाला पावणेदोन तासांहूनही थोडे कमी. कागदावर हे सहज वाटतं. पण वर्षातले चार महिने सराव, रात्रपाळी, प्रवास आणि आजारपण यांत जातात असं धरलं, तर उरलेल्या दिवसांना अडीच तास येतात. पहाटेची पीटी, दिवसभराची ड्युटी, संध्याकाळची रोल-कॉल यानंतरचे अडीच तास. शरीर थकलेलं असताना, आठ-दहा जणांच्या खोलीत.

त्यात फील्ड आणि पीस यांचा फरक मोठा. पीस स्टेशनवर, म्हणजे शांत छावणीत, नेटवर्क असतं, ग्रंथालय असतं, शहरात परीक्षा केंद्र असतं. फील्डमध्ये यांतलं काहीच असेल असं नाही. जहाज समुद्रात गेलं की मोबाइलचा उपयोग संपतो. पाणबुडीचं तर विचारायलाच नको. म्हणून पुस्तकांचे भाग आधीच उतरवून ठेवणं किंवा छापील पुस्तकं पेटीत ठेवणं हाच शहाणपणा. सत्रान्त परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये होतात. अग्निवीराला वर्षाला तीस दिवसांची रजा. कायम जवानाला साठ दिवसांची वार्षिक आणि तीस दिवसांची नैमित्तिक. ही छुट्टी घरच्या लग्नात, भावाच्या घरभरणीत, आईच्या ऑपरेशनात वाटली जाते. परीक्षेसाठी त्यातून दिवस काढायचे म्हणजे घरच्यांची समजूत काढावी लागते.

इथे घरच्यांना एक विनंती करावीशी वाटते. मुलगा डिसेंबरमध्ये परीक्षेला बसणार असेल, तर त्याला त्या महिन्यातल्या हळदीला बोलावू नका. त्याच्या असाइनमेंटची शेवटची तारीख घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. अर्ज भरणं, शुल्क भरणं, हॉल तिकीट काढणं ही कामं गावातला भाऊ किंवा बहीण करू शकते. जवानाच्या पदवीमागे बहुतेक वेळा घरातला असा एक बिनपगारी कारकून असतो आणि बऱ्याचदा ती त्याची बायको असते.

युनिटची बाजूही समजून घ्यायला हवी. कोणत्याही अभ्यासक्रमाला नाव घालण्याआधी वरिष्ठांची परवानगी लागते, आणि मोहिमेपुढे परीक्षा दुय्यमच राहणार. ड्युटी पहिली, यावर वाद असू शकत नाही. ज्याने ही गोष्ट मनापासून मान्य केली, त्यालाच अभ्यास झेपतो. तो एक पेपर सुटला तर पुढच्या सत्रात देतो आणि मुदत हातात ठेवतो. मुक्त विद्यापीठांची मुदत लांब असते ती अशाच विद्यार्थ्यांसाठी.

गेटच्या आत

आता परवान्याकडे वळू. तो निवडताना पहिला प्रश्न असावा: मी परत कुठे राहणार आहे?

माहीम-केळव्याच्या मुलाला याचं उत्तर शोधायला लांब जावं लागत नाही. पालघर स्थानकातून उमरोळी आणि त्यापुढे बोईसर. तिथे महाराष्ट्रातल्या मोठ्या रासायनिक औद्योगिक वसाहतींपैकी एक, तारापूर एमआयडीसी. पलीकडे समुद्राला लागून तारापूर अणुऊर्जा केंद्र, १९६९ पासून वीज देणारं देशातलं पहिलं. उत्तरेला वाढवण बंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये झाली. त्याला मच्छीमारांचा विरोध आहे आणि त्यांचे प्रश्न खरे आहेत, पण बंदर आणि उद्योग यांचा दाब या पट्ट्यावर वाढत जाणार हे उघड आहे. इथली चांगली कामं बाहेरून आलेल्यांनी करायची आणि इथल्या मुलांनी गेट सांभाळायचं, ही वाटणी बदलायची तर परवाने इथल्या मुलांच्या हातात हवेत.

कोणते? बॉयलरपासून सुरुवात करू. रसायन, औषध, कापड अशा कारखान्यांना वाफ लागते. बॉयलर चालवायला प्रमाणित माणूस असणं कायद्याने बंधनकारक आहे. १९२३ च्या बॉयलर कायद्याच्या जागी २०२५ चा नवा कायदा आला तरी ही गरज तशीच आहे. द्वितीय आणि प्रथम श्रेणी बॉयलर अटेंडंट आणि त्यावर बॉयलर ऑपरेशन इंजिनिअर अशा पायऱ्या आहेत. नौदलाच्या इंजिन विभागातल्या माणसाला वाफ परकी नसते. विमानवाहू 'विक्रमादित्य' आजही वाफेवर चालते. पण परीक्षेला बसताना 'मी जहाजावर होतो' एवढं पुरत नाही. कोणत्या बॉयलरवर, कोणत्या कामावर, किती काळ, हे परीक्षक मंडळाला समजेल अशा शब्दांत लिहिलेलं अनुभवपत्र लागतं. ते सेवेत असतानाच मागून घ्यावं. निवृत्तीनंतर पाच वर्षांनी जुन्या युनिटला पत्र लिहून ते मिळवणं फार जड जातं.

विजेच्या कामाला तारतंत्री आणि विद्युत पर्यवेक्षकाचे परवाने आहेत. सिग्नल्स, ईएमई, इंजिनिअर्स आणि नौदलाची विद्युत शाखा इथल्या माणसांना हे ज्ञान असतंच; हवा असतो तो राज्याच्या मंडळाचा शिक्का. अग्निशमनासाठी नागपूरचं राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आहे. आणि सर्वांत महत्त्वाचं क्षेत्र औद्योगिक सुरक्षेचं. मोठ्या आणि धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यांना सुरक्षा अधिकारी नेमावाच लागतो. त्यासाठी अभियांत्रिकीची किंवा विज्ञानाची पात्रता, कारखान्यातला अनुभव, औद्योगिक सुरक्षेची पदविका आणि बहुसंख्य कामगारांच्या भाषेचं ज्ञान लागतं. सायनच्या केंद्रीय श्रम संस्थेत हा अभ्यासक्रम चालतो.

या कामाशी फौजेतल्या माणसाचा स्वभाव जुळतो. जानेवारी २०२० मध्ये तारापूरच्या एका रासायनिक कारखान्यात स्फोट झाला आणि माणसं गेली. अशा घटना या वसाहतीला नव्या नाहीत. कामाची पद्धत लिहून ठेवायची, ती पाळली जाते का ते रोज तपासायचं, सायरन वाजला की कुणी कुठे जायचं याची तालीम घ्यायची, हे सगळं जवानाच्या अंगात भिनलेलं असतं. ते अंगवळण पदविकेने बांधलं, तर त्याला सन्मानाची नोकरी मिळेल आणि बोईसरच्या कामगाराला सुखरूप घरी जाता येईल. माझ्या मते या पट्ट्यातल्या माजी सैनिकासाठी याहून योग्य काम नाही.

फौजेकडून मिळणारी मदतही नीट वापरायला हवी. पुनर्वसन महासंचालनालय निवृत्तीच्या तोंडावर जवानांसाठी सुरक्षा, वाहतूक, संगणक, व्यवस्थापन अशा विषयांचे अभ्यासक्रम चालवतं. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयं आहेत. माजी सैनिकांना काम मिळवून देणारं 'मेस्को' हे राज्याचं महामंडळ आहे. पण शेवटच्या काही महिन्यांतला अभ्यासक्रम हा आधीच्या अभ्यासावरचा कळस असू शकतो. पाया त्यात घालता येत नाही. पाया पहिल्या-दुसऱ्या वर्षात घालावा लागतो.

जहाजावरून जहाजावर

सातपाटी, मुरबे, केळवे, माहीम या गावांना समुद्र नवा नाही. नौदलात गेलेल्या इथल्या मुलांसाठी जून २०२२ मध्ये केंद्राच्या बंदरे, नौवहन आणि जलमार्ग मंत्रालयाने एक सुस्पष्ट वाट आखून दिली. नौदलातल्या अग्निवीरांना व्यापारी जहाजांवर जाता यावं म्हणून सहा प्रकारचे मार्ग जाहीर झाले: विद्युत शाखेच्या खलाशाला व्यापारी जहाजावरचा प्रमाणित विद्युत कर्मचारी किंवा पुढे इलेक्ट्रो-टेक्निकल अधिकारी होता येईल, नौदलातल्या आचाऱ्याला प्रमाणित जहाजी आचारी होता येईल, आणि किनारी प्रवासाच्या जहाजांसाठी लागणाऱ्या चौथ्या वर्गाच्या सक्षमता प्रमाणपत्रापर्यंतही पोचता येईल.

ही वाट चालायची तर नौवहन महासंचालनालयाची नोंदणी आणि सीडीसी, म्हणजे खलाशाचं सेवापुस्तक, काढावं लागतं. जहाजावर जीव वाचवणं, आग विझवणं, प्रथमोपचार, वैयक्तिक सुरक्षितता यांचे आंतरराष्ट्रीय एसटीसीडब्ल्यू कराराप्रमाणे ठरलेले छोटे अभ्यासक्रम मान्यताप्राप्त संस्थेतच करावे लागतात. नौदलात आग विझवण्याचं कडक प्रशिक्षण मिळालं असलं, तरी व्यापारी जहाजाचा कप्तान प्रमाणपत्रच मागतो, कारण परदेशी बंदरात तपासणी होते तेव्हा तेच दाखवावं लागतं. या क्षेत्रात नोकरीच्या नावाने पैसे उकळणारे दलालही आहेत. नोंदणीकृत संस्था आणि परवानाधारक भरती कंपनी यांची नावं महासंचालनालयाच्या यादीत तपासल्याशिवाय सेवानिधीतला एक रुपयाही कुणाच्या हातात देऊ नये.

देशाचं देणं, गावाचं देणं

दुसऱ्या महायुद्धातून परतणाऱ्या आपल्या सैनिकांसाठी अमेरिकेने जून १९४४ मध्ये, म्हणजे युद्ध संपण्याआधीच, एक कायदा केला. शिक्षणाचं शुल्क आणि शिकतानाचा निर्वाहभत्ता सरकारने द्यायचा. १९५६ पर्यंत ७८ लाख माजी सैनिकांनी त्याचा लाभ घेतला. त्यांतले २२ लाख महाविद्यालयांत गेले, बाकीचे कारागिरी, शेती आणि नोकरीतल्या प्रशिक्षणाला. त्या देशाच्या मध्यमवर्गाची उभारणी त्यातून झाली. सैनिक लढाईत असतानाच त्याच्या परतीचा विचार करणं, हा त्यातला घेण्यासारखा भाग आहे.

आपल्याकडे त्यासाठीचे सुटे भाग तयार आहेत. शैक्षणिक श्रेयांक साठवणारी पेढी आहे, पूर्वीचं शिक्षण मोजणारी कौशल्य चौकट आहे, दोन पदव्या एकाच वेळी करण्याची मुभा २०२२ पासून आहे. ते जोडायला हवेत. फौजेतल्या प्रत्येक ट्रेडसमोर बाहेरच्या परवान्याचं नाव आणि त्यासाठी उरलेला अभ्यास लिहिलेला असावा, आणि तो तक्ता जवानाला पहिल्या वर्षी मिळावा. राज्याच्या बॉयलर आणि विद्युत परवाना मंडळांनी सेवेतला अनुभव कोणत्या नमुन्यात मान्य होईल, ते मराठीत जाहीर करावं. तांत्रिक शाखांतल्या जवानांसाठी, लष्कराच्या स्वतःच्या कार्यशाळांना प्रयोगशाळा मानून, अभियांत्रिकी पदवीची वाट पुन्हा उघडावी.

आणि गावाने? पालघरच्या महाविद्यालयाला नाव आहे ते माहीममध्ये १८९६ साली जन्मलेल्या सोनोपंत दांडेकरांचं. तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आणि वारकरी परंपरेचे प्रवचनकार, ही दोन्ही कामं त्यांनी आयुष्यभर सारख्याच निष्ठेने केली. त्यांच्या गावात फौजी विद्यार्थ्यांसाठी एक साधं अभ्यासकेंद्र निघायला काय हरकत आहे? ग्रंथालयात एक कपाट, त्यात मुक्त विद्यापीठांची पुस्तकं आणि परवाना परीक्षांचे जुने पेपर. महिन्यातून एका रविवारी निवृत्त जवान, महाविद्यालयातले प्राध्यापक आणि बोईसरच्या कारखान्यात परवान्यावर काम करणारी माणसं बसतील. छुट्टीवर आलेल्या मुलाला ते विचारतील: ट्रेड कोणता, श्रेयांक किती झाले, अनुभवपत्र घेतलंस का? भरतीची तयारी करून घेणाऱ्या प्रत्येक अकादमीने मैदानाच्या सरावाबरोबर एक तास याही विषयाला द्यावा.

भरतीला निघालेल्या मुलामुलींना मला एवढंच सांगायचं आहे. शपथ घेतल्याच्या पहिल्याच वर्षी अभ्यासक्रमाला नाव घाला. ज्या यंत्रावर हात ठेवाल, त्याच्या कामाची नोंद स्वतःच्या वहीत ठेवा आणि प्रत्येक कोर्सचं प्रमाणपत्र जपून ठेवा. पदवी कोणती आणि परवाना कोणता, हे दुसरं वर्ष संपायच्या आत ठरवा. पंचवीस टक्क्यांत निवड झाली तर हे शिक्षण बढतीला उपयोगी पडेल, नाही झाली तर घर चालवायला. फौज तुम्हाला कणखर करून परत पाठवेल. बोईसरच्या गेटच्या आत तुमची खुर्ची मांडण्याचं काम मात्र तुमच्या अभ्यासाने आणि आमच्या मदतीने व्हायचं आहे, आणि त्याची सुरुवात करायला २०२६ ची वाट पाहण्याची गरज नव्हती, तशी पुढच्या तुकडीची वाट पाहण्याचीही नाही.